एजंट दर वेळी ‘अ‍ॅप हँग झालंय’ म्हणतोय? टूलची वर्णनं तपासा

लक्षण असं: डेस्कटॉप अ‍ॅपचं डीबगिंग, म्हणजे चुका शोधायचं काम, करायला एआय एजंट लावलाय. तो आपण दिलेली टूलं, म्हणजे छोटे प्रोग्राम, बोलावून तपास करतो. तक्रार कुठलीही द्या, अहवाल एकच येतो. मुख्य थ्रेड (अ‍ॅपमधली कामाची मुख्य साखळी) अडकलाय, डेडलॉकची (दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत बसल्याची) शक्यता, त्यानंतर अ‍ॅप क्रॅश. मॉडेल बदललं तरी तेच. स्वतः अ‍ॅप उघडून बघावं तर ते निवांत चालू असतं.

आमच्याकडे हे तीन आठवडे चाललं. इतके दिवस आमच्या लक्षात कसं आलं नाही, ते सांगायलाही लाज वाटते, पण तेच सांगायला हवं, कारण तुम्हीही तिथेच फसाल.

आमचं अ‍ॅप विंडोजवरचं, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं, वजन आणि बिलाचं. मार्केट यार्डातल्या भुसार विभागात बऱ्याच आडत्यांकडे ते चालतं. इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल पोर्टने कॉम्प्युटरला जोडलेला, तोलणार पोतं ठेवतो, वजन थेट बिलावर येतं. एका गाळ्यावरून दिवाणजींचा रोज फोन: ‘‘साहेब, दुपारी तुमचं सॉफ्टवेअर अडकतं. तासाभराने आपोआप सुटतं.’’ आम्ही तक्रार जशीच्या तशी एजंटला दिली. तो ऑफिसातल्या टेस्ट मशीनवर अ‍ॅप तपासून आला आणि म्हणाला, मुख्य थ्रेड अडकलाय. दिवाणजी म्हणतात अडकतं, एजंट म्हणतो अडकलाय. झालं, आम्ही विश्वास ठेवला. डेडलॉक शोधत कर्वे रोडवरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. डेडलॉक नव्हताच.

मग दुसऱ्या एका गाळ्यावरून तक्रार आली की छापील बिलात जीएसटीचा रकाना तळाशी कापला जातो. छपाईची तक्रार. एजंटचा अहवाल: मुख्य थ्रेड अडकलाय, डेडलॉकची शक्यता, नंतर क्रॅश. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं.

ते यायच्या आधी आम्ही जे जे केलं ते थोडक्यात. मॉडेल बदललं, नव्या मॉडेलने तोच निष्कर्ष जरा सुबक भाषेत दिला. सूचनांमध्ये ‘घाईने निष्कर्ष काढू नकोस’ असं लिहिलं; त्याने तोच निष्कर्ष सावकाश काढला. टूलं आणखी चार वाढवली. ही सगळ्यात मोठी चूक, त्याबद्दल पुढे.

ट्रेस मोठ्याने वाचा

एजंटचा अहवाल बाजूला ठेवा आणि त्याने कुठलं टूल कधी बोलावलं, काय उत्तर मिळालं, हा क्रम, म्हणजे ट्रेस, वाचा. आमच्या ज्युनिअरने तो टपरीवर चहा पिताना मोबाइलवरून वाचून दाखवला. टूलांची नावं इथे मराठी करून देतोय:

प्रोसेस_यादी: अ‍ॅप चालू आहे.
डीबगर_जोड: ठीक.
विंडो_स्थिती: प्रतिसाद नाही.
स्टॅक_वाच: एक्सेप्शन ८००००००३, ब्रेकपॉइंट.
सत्र_बंद: ठीक.
प्रोसेस_यादी: अ‍ॅप सापडलं नाही.

वाचता वाचता तो थांबला. ‘‘सर, हे सगळं आपणच केलंय ना?’’

हो. सहाच्या सहा ओळी खऱ्या, आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष साफ खोटा. एकेक ओळ बघू.

डीबगर म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आतून बघायचं साधन. डीबगर_जोड हे टूल आतून मायक्रोसॉफ्टचा सीडीबी हा डीबगर, म्हणजे त्यांच्याच विनडिबगचा कमांड लाइनवाला भाऊ, चालवतं. सीडीबी चालू प्रोसेसला जोडला की तो आत स्वतःचा एक थ्रेड घुसवतो, तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, मारतो आणि अ‍ॅपचे सगळे थ्रेड थांबतात. विंडो_स्थिती हे टूल खिडकीला एक रिकामा मेसेज पाठवतं आणि ५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर ‘प्रतिसाद नाही’ म्हणतं. थ्रेडच थांबलेत, उत्तर देणार कोण? स्टॅक_वाच डीबगरच्या त्या वेळच्या ‘चालू’ थ्रेडचा स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी) देतं, आणि जोडल्या जोडल्या चालू असतो तो हाच घुसवलेला थ्रेड. ८००००००३ हा कोड म्हणजे ‘ब्रेकपॉइंट लागला’, एवढंच. खरा मेमरीचा घोळ असता तर सी००००००५ दिसला असता. आणि सत्र_बंद? त्याच्या पोटात आम्ही ‘क्यू’ ही कमांड ठेवली होती. जोडलेल्या प्रोसेसवर क्यू दिलं की डीबगर जाताना अ‍ॅपलाही घेऊन जातो. सोडून जायचं तर ‘क्यूडी’ द्यावं लागतं.

म्हणजे एजंटने अ‍ॅप थांबवलं, ‘थांबलंय’ अशी नोंद केली, मारलं, आणि ‘मेलं’ अशी नोंद केली. पंचनामा अगदी व्यवस्थित.

मॉडेलला हे माहीत नव्हतं का?

होतं. आम्ही त्याला सरळ विचारलं, सीडीबी जोडल्यावर अ‍ॅपचं काय होतं? त्याने क्यू आणि क्यूडीतल्या फरकासकट बिनचूक सांगितलं. इथेच खरी गोम आहे. विनडिबग त्याला आमच्याइतकाच येतो. पण *आमचं* टूल म्हणजे सीडीबी आहे, तो कुठल्या पर्यायांसह चालतो, सत्र_बंदच्या मागे कुठली कमांड आहे, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. आमचं वर्णन होतं एक ओळ:

‘डीबगर_जोड: चालू प्रोसेसला डीबगर जोडतं.’

बरोबर आहे, आणि काही उपयोगाचं नाही. टूलचं नाव उलगडून पुन्हा लिहिलंय, बस. लिहिणाऱ्याला ते पुरेसं वाटतं, कारण बाकीचं त्याच्या डोक्यात असतं.

अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही मॉडेलला टूलं जोडायची पद्धत खुली केली. टूलं पुरवणारा आमचा सर्व्हर त्यावरच आहे. त्यात मॉडेलपर्यंत टूलबद्दल मुख्यतः तीन गोष्टी पोचतात: नाव, वर्णन आणि इनपुटची स्कीमा, म्हणजे काय काय द्यायचं त्याचा साचा. कोड पोचत नाही. कोडमधल्या कॉमेंट पोचत नाहीत. विकीवर लिहून ठेवलेलं ‘जोडल्यावर गो (अ‍ॅप पुढे चालवायची कमांड) द्यायला विसरू नका’ पोचत नाही. आम्ही ऑफिसात एकमेकांना तोंडी सांगतो ते तर नाहीच.

वर्णन कसं बदललं

मूळ मजकूर इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतो:

‘चालू प्रोसेसला सीडीबी जोडतं. जोडताच अ‍ॅपचे सर्व थ्रेड थांबतात आणि पुढे_चालव बोलावेपर्यंत थांबलेलेच राहतात. या काळात विंडो_स्थिती नेहमी “प्रतिसाद नाही” देईल, तो दोष समजू नये. अ‍ॅप खरोखर अडकलंय का हे बघायचं असेल तर जोडण्याआधी विंडो_स्थिती बोलवा. जोडल्यावर दिसणारा ८००००००३ ब्रेकपॉइंट डीबगरचाच असतो. ग्राहकाच्या चालू मशीनवर वापरू नये, तिथे डंप_घे वापरा.’

सहा वाक्यं. टूल आतून काय आहे, त्याने बाहेर काय बदलतं, कुठलं उत्तर फसवं असेल, आधी काय करायचं आणि कुठे वापरायचं नाही. यातलं सर्वांत मोलाचं वाक्य कुठलं म्हणाल तर ‘तो दोष समजू नये’. आपण टूल काय करतं ते लिहितो. त्याच्या उत्तराचा अर्थ काय *नाही*, ते लिहायचं राहून जातं.

सत्र_बंदचं वर्णन लिहायला बसलो आणि लिहिता येईना. ‘सत्र बंद करतं आणि अ‍ॅप मारतं’ असं लिहिलं तर कुणीही विचारेल, मारता कशाला? बरोबरच आहे. मग वर्णनाऐवजी टूलच बदललं. क्यूच्या जागी क्यूडी टाकलं, आणि मारायचंच असेल तर प्रोसेस_मार असं वेगळं टूल केलं. वर्णन सरळ लिहिता येत नसेल तर बहुतेक वेळा टूलच वाकडं असतं.

आणखी एक आमचीच चूक याच टूलात सापडली. एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला काही खुणा लावता येतात: हे टूल फक्त वाचतं, हे काही नष्ट करू शकतं, वगैरे. डीबगर_जोडला आम्ही ‘फक्त वाचतं’ ही खूण लावली होती. डीबगर काय, बघतो फक्त, असा विचार. आमचा क्लायंट, म्हणजे एजंट चालवणारा प्रोग्राम, ती खूण असलेली टूलं माणसाला न विचारता चालवायचा, म्हणून जोडणी दर वेळी गुपचूप व्हायची. चालतं अ‍ॅप थांबवणारं टूल ‘फक्त वाचतं’ या सदरात बसत नाही. डंप_घेसुद्धा बसत नाही. पूर्ण डंप, म्हणजे अ‍ॅपच्या मेमरीची प्रत, लिहीपर्यंत अ‍ॅप थोडा वेळ थबकतं, आणि दिवाणजींच्या समोर गाडीवाला उभा असतो.

चार टूलं, एकच काम

आता ती वाढवलेली टूलं. आमच्याकडे स्टॅक_वाच होतं, थ्रेड_बघ होतं, प्रोसेस_माहिती होतं आणि कुणीतरी घाईत घातलेलं माहिती_घे होतं. चारही थोडाफार स्टॅक देत. एजंट दर वेळी वेगळं उचलायचा.

पुण्यात कुणी ‘मारुतीपाशी थांब’ म्हणून फोन ठेवत नाही. पत्र्या मारुती नारायण पेठेत, भिकारदास सदाशिव पेठेत, डुल्या गणेश पेठेत. देव एकच, पण पुढचा शब्द नसेल तर माणूस भलत्या पेठेत उभा राहून फोन करत बसतो. तो शब्द मारुतीचं वर्णन करायला नसतोच, दुसऱ्या मारुतीपासून वेगळा ओळखायला असतो. टूलच्या नावाचंही तसंच. आम्ही माहिती_घे आणि प्रोसेस_माहिती काढून टाकली. उरलेल्या दोघांची नावं एक_थ्रेड_स्टॅक आणि सर्व_थ्रेड_स्टॅक केली, आणि पहिल्यात थ्रेड क्रमांक देणं सक्तीचं केलं. ‘चालू थ्रेड’ हा पर्यायच उरला नाही, त्यामुळे डीबगरचा घुसवलेला थ्रेड चुकून वाचायची सोयही गेली. आमच्या अ‍ॅपमध्ये खिडकीचा थ्रेड ० क्रमांकाचा असतो, हेही त्या पॅरामीटरच्या वर्णनात लिहिलं. आम्हाला ते तोंडपाठ आहे, त्याला कुठून असणार?

रिकामं उत्तर आणि खोटं नाव

या दोन गोष्टी वर्णनात नसतील तर एजंट हमखास घसरतो.

पहिली. बटणं_यादी हे टूल विंडोजच्या यूआय ऑटोमेशनने खिडकीतली बटणं वाचतं. एका मशीनवर ते रिकामी यादी द्यायचं आणि एजंट लिहायचा, खिडकी कोरी आहे, चित्रच उमटलेलं नाही. खरं कारण वेगळंच होतं: तिथे अ‍ॅप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू होतं आणि आमचं टूल साध्या युजरवर. खालच्या पातळीवरच्या प्रोग्रामला वरच्या पातळीवरच्या खिडकीत हात घालता येत नाही, विंडोज व्हिस्टापासून हा अडसर आहे. हे वर्णनात तर लिहाच, पण त्याहून बरं म्हणजे उत्तरातच लिहा. आता रिकाम्या यादीऐवजी टूल म्हणतं: ‘अ‍ॅप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे, बटणं वाचता आली नाहीत. खिडकी रिकामी आहे असा अर्थ काढू नये.’ ‘काही नाही’ आणि ‘दिसलं नाही’ यांना एकच उत्तर देणारं टूल माणसालाही फसवतं.

दुसरी जास्त वाईट. फंक्शनची खरी नावं पीडीबी फाइलीत असतात. ती नसेल तर डीबगर जवळच्या, बाहेरून दिसणाऱ्या एखाद्या फंक्शनचं नाव घेतो आणि तिथून किती बाइट पुढे ते सांगतो. आमच्या काट्याच्या डीएलएलची (काटा वाचणाऱ्या वेगळ्या कोड-फाइलीची) पीडीबी रिलीजच्या वेळी कुणी जपून ठेवली नव्हती. ‘कुणी’ म्हणजे मीच. स्टॅकमध्ये दिसायचं: काटा_सुरू, अधिक १,०७,५०६ बाइट. एजंट प्रामाणिकपणे काटा_सुरू या फंक्शनमधली चूक शोधायचा. आता बघा, एक लाख बाइटांचं फंक्शन आमच्यासारख्या आळशी माणसानेही लिहिलेलं नाही. अनुभवी माणूस तो आकडा बघूनच ओळखतो की नाव खोटं आहे. एजंटलाही ओळखता येतं, पण त्याकडे बघ म्हणून कुणी सांगितलं तर. स्टॅकच्या दोन्ही टूलांमध्ये ओळ घातली: ‘प्रत्येक मॉड्यूलपुढे पीडीबी मिळाली की नाही ते दिलेलं असतं. मिळाली नसेल तर त्या मॉड्यूलमधल्या फंक्शनच्या नावावर निष्कर्ष काढू नये, आधी पीडीबी मागावी.’

एककांचं एका ओळीत: ‘टाइमआउट’ नावाच्या पॅरामीटरला एजंटने ३० दिले, सेकंद समजून, टूलने मिलिसेकंद समजून घेतले. नावातच टाइमआउट_मिलिसेकंद लिहा, वर्णनात लिहून भागत नाही. क्लिकचे आकडेही असेच. स्क्रीन १२५ टक्क्यांवर असेल तर ८०० आणि ६४० हा एकच बिंदू असू शकतो, तेव्हा कुठले पिक्सेल ते लिहा.

उपाय जास्त झाला तर

पहिल्या उत्साहात मी प्रत्येक वर्णन चाळीस ओळींचं केलं. जागोजागी ‘कधीही नाही’, ‘सक्त मनाई’, ‘अत्यंत महत्त्वाचे’. आम्हा पुणेकरांच्या हातात पाटी दिली की असंच होतं. परिणाम असा की एजंटने डीबगरला हात लावायचंच सोडलं. नुसते लॉग वाचून अंदाज लिहायला लागला. शिवाय ही सगळी वर्णनं प्रत्येक वेळी मॉडेलच्या संदर्भात, म्हणजे ते एका वेळी वाचतं त्या मजकुरात, जातात, काम सुरू व्हायच्या आधीच जागा खातात. आता नियम ठेवलाय: पाच-सहा वाक्यं, आणि प्रत्येक मनाईपुढे तिचं कारण किंवा ‘त्याऐवजी हे वापरा’. नुसती मनाई नको.

झालं की नाही, कसं बघायचं

आम्ही आमच्या सपोर्टच्या ताईंना वर्णनं छापून दिली. त्या मार्केट यार्डाचे फोन घेतात, प्रोग्रामिंग करत नाहीत. डीबगर_जोडचं जुनं वर्णन वाचून त्यांनी विचारलं, ‘‘हे जोडलं की काटा चालू राहतो का?’’ तीन आठवडे आमच्यापैकी कुणालाच न पडलेला प्रश्न. असा वाचक शोधा. ज्याला उत्पादन माहीत आहे पण टूलचं पोट माहीत नाही.

दुसरं, अ‍ॅपच्या तीन बिल्ड, म्हणजे तयार प्रती, ठेवा: एक मुद्दाम अडकवलेली, एक मुद्दाम क्रॅश होणारी, आणि एक धडधाकट. धडधाकट बिल्ड सगळ्यात आधी चालवा. ‘यात काही दोष नाही’ हे उत्तर आलं पाहिजे. आम्ही एजंटला कधी निरोगी पेशंट दाखवलाच नव्हता, म्हणून प्रत्येकाला तोच रोग निघतोय हे उमगलं नाही.

दिवाणजींचं काय झालं?

अडकणं खरं होतं, फक्त आमच्या ऑफिसात ते घडत नव्हतं. दिवाणजींच्या मशीनवर प्रॉकडंप हा डंप घेणारा प्रोग्राम खिडकी अडकण्याची वाट बघत ठेवला. दुपारी पावणेदोनला डंप पडला. नव्या वर्णनांनिशी एजंटने तो उघडला, आणि पहिलं काम हे केलं की काट्याच्या डीएलएलची पीडीबी नाही म्हणून ती मागितली. बिल्ड मशीनच्या एका जुन्या फोल्डरात ती सापडली. मग ० क्रमांकाच्या थ्रेडच्या स्टॅकमध्ये काटा_सुरू नव्हतंच, वजन_वाच होतं, आणि त्याच्याही वर विंडोजचं रीडफाइल हे वाचायचं फंक्शन. सिरियल पोर्टचे टाइमआउट आम्ही सगळे शून्य ठेवले होते. तसे ठेवले की मागितलेले बाइट येईपर्यंत रीडफाइल परतत नाही, आणि आम्ही ते खिडकीच्याच थ्रेडवर बोलावत होतो. हमाल जेवायला बसले की तोलणार काटा बंद करायचा. काट्यातून बाइट येणं बंद, अ‍ॅप अडकलं. जेवण झालं, काटा सुरू, अ‍ॅप सुटलं. ऑफिसात काट्याच्या जागी सिम्युलेटर होता, आणि सिम्युलेटर जेवत नाही.

वाचन वेगळ्या थ्रेडवर नेलं, टाइमआउट घातला. महिनाभर दुपारचा फोन नाही.

छपाईची ती दुसरी तक्रार मात्र एजंटला शेवटपर्यंत सापडली नाही. या वेळी त्याने निदान डेडलॉक तरी काढला नाही, ‘माझ्याकडच्या टूलांनी कारण दिसत नाही’ असं लिहिलं. कारण त्या गाळ्यावरच्या मुलानेच सांगितलं: प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद एफोरऐवजी लेटर निवडलेला होता. २९७ मिलिमीटरचं बिल २७९ मध्ये बसवायचं म्हणजे तळाचा रकाना कापला जाणारच. प्रिंटरची सेटिंग वाचणारं टूल आमच्याकडे नाहीये. लिहायला घेतलंय, वर्णन आधी.